अंधारात हाताला लागणारं बटण

नमू, काल रात्री फोनवर तू सहज बोलल्यासारखं म्हणालीस, "ताई, दुकानदार म्हणतोय नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन टाकून देतो, फक्त डॅशबोर्ड थोडासा कापावा लागेल." मी नुसतं हूं म्हटलं, कारण शेजारी आई बसली होती आणि 'बाबांची झेन' आणि 'कापायचं' हे शब्द एकत्र तिच्या कानावर पडायला नको होते. पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. म्हणून आज सकाळी कुकर लावून तुझ्यासाठी बसलेय. सगळं सांगते, सावकाश ऐक. एक मात्र आत्ताच ऐक. कापू देऊ नकोस. त्याचा फोन आला तर 'घरी विचारून सांगते' म्हण आणि तिथंच थांब.

तुला वाटेल, ताई हळवी झालीय. झालेय, नाही म्हणत नाही. तू गाडीची नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतलीस तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. पण हळवेपणा घटकाभर बाजूला ठेवला तरी कापायला काही कारणच नाही. बाबांचा कॅसेटचा सेट ज्या खाचेत बसायचा, तिचं माप मारुतीने मनाला येईल तसं ठरवलेलं नाही. १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. जर्मनीच्या राष्ट्रीय मानक संस्थेने हे माप बांधून दिलं, पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून नाना पेठेतला फिटरसुद्धा आज 'सिंगल डिन' म्हणतो. दुप्पट उंचीची खाच असली की 'डबल डिन'. म्हणजे बघ, आज कारखान्यातून निघालेला सेट वीस वर्षांपूर्वीच्या गाडीत कुठेही कानस न लावता बसतो. गाडीतली दुसरी कुठली वस्तू अशी आहे? हेडलाइट, आरसा, दाराची कडी, सगळं त्या त्या मॉडेलपुरतं. ही एकच जागा कुणाही कंपनीच्या सेटसाठी मोकळी ठेवलेली आहे. ती कापली की गेली. झेनचा नवा डॅशबोर्ड आता कुठून आणणार? कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग विकतात, तिथे शोधत फिरायची वेळ येईल.

आता मी स्क्रीनच्या इतकी विरोधात का, तेही सांगते. हे मी तुला कधी पूर्ण सांगितलेलं नाही.

आमच्या मागच्या गाडीत तुझ्या भावोजींनी आणि मी हौसेने दहा इंची स्क्रीन बसवून घेतली होती. दुकानात काय देखणी दिसत होती! त्याच पावसाळ्यात मी साताऱ्याला निघाले, एकटीच, मागच्या सीटवर अन्वी झोपलेली. खंबाटकी घाट लागला तोवर अंधार पडलेला, पाऊस कोसळत होता, पुढे ट्रकची रांग. एक गाणं संपून दुसरं लागलं ते एकदम केवढ्यानं तरी. अन्वी दचकून रडायला लागली. आवाज कमी करायचा तर त्या सेटला बटणच नव्हतं. स्क्रीनच्या कडेला नखाएवढी एक खूण होती, तिच्यावर बोट नेमकं पडायला हवं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा भलताच पडदा उघडला. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत २२ मीटर पुढे सरकते, हे मी अकरावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवते. त्या रात्री ते २२ मीटर मी न बघता गेले. पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट वेळेत दिसले, काही झालं नाही. पण घाट संपल्यावर गाडी कडेला घेतली तेव्हा हात थरथरत होते. आणि स्क्रीनचा पांढरा उजेड काचेवर पसरलेला होता, त्यातून बाहेरचा ओला रस्ता नीट दिसतही नव्हता.

तेव्हापासून स्टिरिओ घ्यायला गेले की पहिली परीक्षा मी डोळे मिटून घेते. तूही घे, लाजू नकोस. दुकानात मांडलेल्या सेटसमोर उभी राहा, डोळे मीट आणि हात पुढे कर. आवाजाचा गोल नॉब हाताला लागतो का? पुरेसा बाहेर आलेला आहे का, कडेला खाचा आहेत का, फिरवताना हलकी टकटक बोटांना कळते का? तो दाबला की आवाज बंद होतो का? फोन घ्यायचं बटण बाकीच्यांहून वेगळ्या आकाराचं आहे का? पुढचं स्टेशन लावायला किती बटणं चाचपावी लागतात? एक गोष्ट लक्षात ठेव, बहुतेक सेटांचा नॉब डाव्या टोकाला असतो. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या देशांत ते टोक चालकाच्या जवळचं, आपल्याकडे ते शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला जातं. सिंगल डिनमध्ये अंतर वीतभराचंच, पण तुझा हात माझ्यापेक्षा आखूड आहे. गाडीत बसून सीट तुझ्या नेहमीच्या जागी ओढ, पट्टा लाव आणि मग खाचेच्या डाव्या टोकाला हात पोचतो का बघ. पाठ न उचलता पोचला पाहिजे.

दुसरी परीक्षा रात्रीची. दुकानात सगळे सेट डेमोवर लावलेले असतात. अक्षरं धावतात, दिवे निळ्याचे जांभळे होतात, जांभळ्याचे हिरवे, जणू गणपतीची आरास. तिथे साधा सेट फिका वाटतो आणि भडक सेट मनात भरतो. म्हणून जायच्या आधी एक कर. अंधार पडल्यावर गाडीचे पार्किंग लाइट लाव आणि मीटरचा, एसीच्या बटणांचा उजेड कुठल्या रंगाचा आहे त्याचा फोटो काढून ठेव. दुकानदाराला तो दाखव आणि विचार, या रंगाला जुळणारा उजेड कुठल्या सेटमध्ये मिळेल? बऱ्याच चांगल्या सेटांमध्ये बटणांचा रंग आपल्याला ठरवता येतो, हजारो छटा असतात त्यात. लोक त्या सोयीचा उपयोग गाडीत दिवाळी करायला करतात. तिचा खरा उपयोग असा की एकदा मीटरच्या रंगाशी नेमका जुळवायचा आणि नंतर त्या यादीत परत जायचंच नाही. रात्री बसलं की वाटावं, हा सेट गाडीबरोबरच आला असेल. मला विचारशील तर सुबकपणा म्हणजे एवढंच. काळा, मंद पृष्ठभागाचा, क्रोमची पट्टी नसलेला, एका रंगात उजळणारा. चकचकीत काळा नको. दुपारच्या उन्हात त्यावर प्रत्येक बोटाचा ठसा आणि पुण्यातली सगळी धूळ दिसते.

अशा साध्या रूपाची आवड असणारे जगात आपण एकटे नाही, बरं का. जर्मनीतल्या ब्लाउपुंक्ट या नावाखाली काही वर्षांपूर्वी एक सेट निघाला, ब्रेमेन एसक्यूआर ४६ डॅब. दिसायला हुबेहूब १९८० च्या दशकातल्या त्यांच्याच ब्रेमेन सेटसारखा, चौकोनी बटणं, गोल नॉब, आणि आत मात्र ब्लूटूथ आणि यूएसबी. जुन्या मर्सिडीज, जुन्या पोर्शे जपणारे लोक तो घेतात, कारण त्या गाड्यांत आजचा चमचमता सेट विजोड दिसतो. याच ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये युरोपातला पहिला कार रेडिओ काढला होता. नाव म्हणजे निळा ठिपका. सुरुवातीला ते हेडफोन बनवत, तपासणीत उतरलेल्या नगावर निळा ठिपका चिकटवत, आणि गिऱ्हाईक तो ठिपकाच मागायला लागलं. मला ही गोष्ट फार आवडते. पण तो ब्रेमेन तू मागवू नकोस. महाग आहे, आणि त्यातली डॅब रेडिओची सोय युरोपसाठी आहे, आपल्याकडे तसं नियमित प्रसारण नाही. त्याचा फोटो मात्र डोळ्यांसमोर ठेव आणि इथल्या दुकानात त्याच्या वृत्तीचा सेट शोध.

इथे तुला सोनी, पायोनियर, जेव्हीसी, केनवुड यांचे सीडी नसलेले साधे सिंगल डिन सेट मिळतील. ब्लूटूथ, यूएसबी, रेडिओ, गोल नॉब, एका ओळीची अक्षरं. आजच्या भावात पाच-सात हजारांच्या आसपास. सीडीचं यंत्र नसल्यामुळे हे सेट मागे आखूड असतात, त्यामुळे जुन्या गाडीच्या खाचेत मागच्या तारांना जागा राहते. झेनमध्ये हे महत्त्वाचं आहे. घेताना जीएसटीचं बिल घे, त्यावर सेटचा क्रमांक लिहून घे, आणि वॉरंटी कार्डावर भारतातला पत्ता आहे ना ते वाच. नाव ओळखीचं असलं तरी हे बघायचंच, कारण जुनी नावं पुष्कळदा परवान्यावर दुसऱ्या कंपन्या वापरतात. उद्या बिघाड झाला तर कोण उभं राहणार हे खोक्यावरच्या बारीक अक्षरांत असतं.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत काय असतं? '५० वॉट गुणिले ४'. इथे दुकानदार म्हणेल, मॅडम, दोनशे वॉट. तू सेट उलटा कर आणि मागचा फ्यूज बघ. पुष्कळदा तो १० अँपियरचा असतो. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. दोन्हींचा गुणाकार १४४ वॉट. म्हणजे फ्यूज सांभाळून सेट जेवढी वीज खाऊ शकतो तीच १४४, आणि त्यातली बरीच उष्णता होऊन जाते. मग आवाजाचे दोनशे कुठून येणार? तो पन्नासचा आकडा क्षणभराच्या उसळीचा. तू आरएमएसचा, म्हणजे सलग मिळणाऱ्या वॉटचा, आकडा विचार. १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला आवाज न फाटता जास्तीत जास्त २६ वॉटच्या आसपास देता येतात, ओहमच्या नियमापुढे कुणाचं चालत नाही. प्रत्यक्षात वीसेक मिळतात. आणि झेनएवढ्या छोट्या गाडीत वीस वॉट म्हणजे भरपूर गं. त्याच्या निम्म्यावरच तू 'बाई, कमी कर' म्हणशील.

उरलेले पैसे स्पीकरला घाल. हे मी कळकळीने सांगतेय, कारण सगळेजण उलट करतात. वीस हजारांचा पडदा आणि दारात गाडीबरोबर आलेले, कागद पिवळा पडलेले स्पीकर. बाबांच्या स्पीकरचा कागद वीस पावसाळ्यांनी मऊ झालाय, कडेचा फोम हाताला चुरा होऊन येतो, मी पाहिलंय. पुढच्या दोन दारांपुरते चांगले कोॲक्सियल घे, म्हणजे ज्यात बारीक ट्वीटर मधोमध बसवलेला असतो ते. मागचे राहू देत. गाणं आपल्या समोरून यायला हवं, मैफलीला आपण गायकाकडे पाठ करून बसत नाही. माप मात्र आधी जाळी काढून मोजून घे, व्यास आणि खोलीसुद्धा. काच पूर्ण खाली घेतली की ती स्पीकरच्या चुंबकाला आपटता कामा नये, जुन्या छोट्या गाड्यांच्या दारांत हीच अडचण येते. आणि दार उघडलेलंच आहे तर आतल्या पत्र्याला डॅम्पिंगचे काळे, जड तक्ते चिकटवून घे. पत्रा थरथरायचा थांबला की त्याच स्पीकरातून तबल्याचा बायां भरीव ऐकू येतो. दार लावतानाचा आवाजही बदलतो, ते ऐकून आईला खूप आनंद होईल.

दुकानदार सबवूफरचं नाव काढेल. डिकीत तुझी भाजीची पिशवी आणि आईची घडीची खुर्ची असते. नको म्हण.

आता ऐकायचं कसं. दुकानदार आपलं एक गाणं लावतो, ज्यात धडधड असते आणि सगळेच स्पीकर छान वाटतात. तू तुझं घेऊन जा. यूएसबीवर तीनच गोष्टी भर. एक तानपुरा, नुसता, दोन मिनिटांचा. चांगल्या सेटवर चार तारा वेगळ्या कळतात आणि त्यांच्या वर तो जव्हारीचा झणकार तरंगतो; वाईट सेटवर नुसती भुणभुण. दुसरं, तुझ्या अगदी ओळखीचा एक गाता गळा. भीमसेन घे, माणिक वर्मा घे, कुणीही, पण ज्याचा श्वास कुठे येतो हे तुला पाठ आहे असा. तिसरं, नुसतं बोलणं. एखादी मुलाखत, कथाकथन. बोलणाऱ्या माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर बाकी काही ऐकायची गरज नाही. ऐकताना लाऊडनेस बंद करायला सांग, बास आणि ट्रेबल शून्यावर आणायला सांग. त्याला नवल वाटेल, वाटू दे.

मला माहितीय तू काय लावशील. गीतरामायण. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, आठवड्याला एक गाणं असं वर्षभर, ५६ गाणी, तेव्हा बाबा आठ वर्षांचे होते. वाड्यात एकच रेडिओ, शेजाऱ्यांचा, आणि ओट्यावर सगळे जमायचे, हे त्यांनी आपल्याला इतक्यांदा सांगितलं की मला ती आठवण माझीच वाटते. आणि पुढे स्वतःची गाडी आल्यावर कॅसेटचा तोच संच, पुणे-कोल्हापूर, जाताना अर्धा, येताना अर्धा. म्हणून तुला म्हणते, आवाजाच्या बाबतीत तडजोड करू नकोस. त्या गाडीच्या काचांना चांगल्या आवाजाची सवय आहे.

रेडिओवरून आठवलं. भावोजींचा भाऊ दिवाळीत न्यूजर्सीहून येतोय, तो म्हणालाय 'मी तिकडून एक छान सेट आणतो'. प्रेमाने म्हणतोय, पण त्याला आधी एक विचारायचं. अमेरिकेत एफएमची स्टेशनं फक्त विषम दशांशावर असतात, १००.९, मग थेट १०१.१. तिकडच्या मांडणीवर ठेवलेला सेट मधल्या १०१.० वर थांबतच नाही. आणि पुण्यात १०१ वर कोण आहे? विविधभारती! मध्यम लहरींचंही तसंच. तिकडे पावलं १० किलोहर्ट्झची, आपल्याकडे ९ ची. पुणे आकाशवाणी ७९२ वर, मुंबईची अस्मिता ५५८ वर, दोन्ही नऊच्या पाढ्यातले आकडे, दहाच्या पाढ्यात येतच नाहीत. पुष्कळ सेटांच्या सेटिंगमध्ये प्रदेश बदलता येतो, मग काही प्रश्न नाही. पण नुसत्या अमेरिकेसाठी बनवलेल्या काही सेटांत ती सोय नसते. त्याला म्हणावं, मॅन्युअलमध्ये ट्यूनर स्टेप किंवा एरिया असं काही आहे का बघ, नसेल तर दुकानातच राहू दे आणि आईसाठी बदाम आण.

एरियलही बघून घे. झेनच्या खांबावरची, ओढून लांब करायची. बाबा ती नेहमी अर्धवटच ओढायचे आणि आपल्याला वाटायचं आळस. आळस नव्हता. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहर तीन मीटरची असते, तिचा चौथा भाग पाऊण मीटर, एफएमला एरियल तेवढी लांब असली की बरी. आकाशवाणीच्या बातम्या मध्यम लहरीवर ऐकायच्या तर मात्र पूर्ण ओढायची. नवा सेट लावूनही खरखर आली तर सेटला दोष देण्याआधी सिगरेट लायटरमधला स्वस्त मोबाइल चार्जर काढून बघ. दहांतल्या निम्म्या वेळा खरखर त्याचीच असते, असा माझा अनुभव आहे.

आता तारा. नमू, इथे तू स्वतः शेजारी उभी राहायचंस. गाडी ठेवून 'संध्याकाळी येते' म्हणायचं नाही. आमच्या त्या स्क्रीनच्या वेळी मी तेच केलं. दुकानाने गाडीचा मूळ कप्लर कापून टाकला, तारा नुसत्या पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून ओघळला, पकड सुटली. त्यात कायम वीज असलेली तार आणि चावीबरोबर वीज येणारी तार अशा जोडल्या होत्या की सेट कधी पूर्ण बंदच होत नव्हता. मे महिन्यात चार दिवस गाडी उभी राहिली आणि बॅटरी उतरली, नेमकी बाबांना दवाखान्यात न्यायचं त्या पहाटे. शेजारच्यांनी त्यांची गाडी काढली म्हणून निभावलं. मी त्या दुकानाला आजही माफ केलेलं नाही.

म्हणून रंग पाठ कर, सेटच्या बाजूचे रंग जवळपास सगळ्या कंपन्यांचे सारखे असतात. पिवळी तार थेट बॅटरीची, तिच्यामुळे घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. लाल तार चावीची. काळी अर्थिंगची. नारिंगी उजेडाची, ती पार्किंग लाइटला जोडली तरच रात्री सेटचा उजेड आपोआप मंद होतो, आणि फिटर हमखास ती मोकळी सोडतात, तेव्हा मुद्दाम आठवण कर. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी आणि जांभळी मागच्यांच्या, आणि प्रत्येकीची जोडीदार काळ्या रेघेची. गाडी बंद केल्यावर प्रत्येक वेळी स्टेशनं पुसली जात असतील तर पिवळी-लालची अदलाबदल झालीय असं समज. एक्सलेटर दाबला की स्पीकरमध्ये बारीक शिट्टी चढत जात असेल तर बहुतेकदा काळी तार नीट पत्र्याला घट्ट केलेली नाही. गाडीच्या बाजूला कापाकापी नको, मारुतीचा तयार कप्लर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो मध्ये लावला की एकही मूळ तार कापावी लागत नाही. उद्या सेट काढायचा झाला तर गाडी होती तशी.

सेटबरोबर एक सुटा माइक येत असेल तर तो घे, आतला नको. डोक्यावरच्या सनशेडजवळ लावायचा. झेनमध्ये ८० च्या वर वाऱ्याचा आवाज किती असतो तुला माहीत आहे, डॅशबोर्डमधल्या माइकवर पलीकडच्याला फक्त वारा ऐकू जाईल. तशी चालवताना फोनवर बोलूच नकोस, पण आईचा फोन तू उचलल्याशिवाय राहणार नाहीस हेही मला माहीत आहे.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी कर. डेमो कायमचा बंद. आणि हायपास फिल्टर असेल तर पुढच्या स्पीकरांना ८० हर्ट्झवर लाव. छोट्या स्पीकरला फार खालचे सूर झेपत नाहीत, तो धापा टाकतो आणि त्या धापेत गळ्याचा आवाज गढूळ होतो. ते ओझं काढून घेतलं की वरचं सगळं स्वच्छ होतं. पैसा लागत नाही, एक मिनिट लागतं, आणि कुणी करत नाही.

नकाशासाठी स्क्रीन लागतेच, असं तू म्हणालीस. फोन आहे ना. एसीच्या जाळीला लागणारा एक चांगला, घट्ट होल्डर घे, आवाज ब्लूटूथने सेटमधून येईल. तुझी ती मैत्रीण आहे ना, डबल डिनची खाच असलेली, रिव्हर्स कॅमेरा हवाच असणारी, तिने खुशाल स्क्रीन घ्यावी. पण नावाजलेल्या कंपनीची, आवाजाला खरा नॉब असलेली, आणि फोनचा नकाशा जशाचा तसा दाखवणारी. नुसत्या रॅमच्या आकड्यावर भुलू नये, सेटिंगच्या पानावर लिहिलेलं सगळंच आत असतं असं नाही.

आणि बाबांचा जुना सेट. तो टाकू नकोस आणि फिटरला 'घेऊन जा' म्हणू नकोस. कॅसेट फिरत नाही त्याचं कारण बहुतेक आतला रबरी पट्टा. इतक्या वर्षांत तो ताणून ढिला होतो किंवा चिकट होऊन वितळतो. पट्टा मिळतो, बदलणारे म्हातारे कारागीर अजून आहेत, बुधवार पेठेच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत विचार. आधी मला वाटलं होतं, तोच दुरुस्त करून गाडीत ठेवावा. रात्रभर विचार केला. पण तुला रोज हिंजवडीपर्यंत जायचंय, फोनमधली गाणी हवीत, आणि त्याचा उजेड आता अर्धाच लागतो. तो घरी ठेवू. बारा व्होल्टचा एक ॲडाप्टर आणि दोन स्पीकर लावले की आईच्या खोलीत मजेत वाजेल, तिच्या सगळ्या कॅसेट तशाच पडून आहेत.

त्याचं पुढचं पॅनेल मात्र आधी शोधायला हवं. आठवतंय ना, गाडी लावली की बाबा ते खट्‌दिशी काढून काळ्या डबीत घालायचे आणि डबी शर्टाच्या खिशात? सेट चोरीला जायचे त्या काळात, म्हणून. लग्नातही जेवायला बसले की खिशाला तो चौकोनी फुगवटा. ती डबी आईच्या कपाटात वरच्या कप्प्यात असावी, शालींच्या मागे. रविवारी मी येतेच आहे. सकाळी लवकर निघते, म्हणजे दुकानं उघडायच्या आत दाराच्या जाळ्या काढून मापं घेता येतील. स्क्रू ड्रायव्हर आणि टेप मी आणते, तू यूएसबीवर तानपुरा भरून ठेव. आणि आईला अजून काही बोलू नकोस, डबी मी तिच्याकडूनच मागून घेईन.